वैजयंतीने पाहिलेली मॅच

“बाळ घेऊन टेनिस बघायला कोण जातं?” आदिनाथने बुटाची लेस बांधता बांधता विचारलं.

“मी जाते,” वैजयंती म्हणाली. “तुम्ही रजा काढणार असाल तर नाही नेत.”

यावर आदिनाथने दुसऱ्या बुटाची लेस बांधायला घेतली. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि मालकाने शेडच्या वरच्याच दोन खोल्या त्याला राहायला दिल्या होत्या. खाली माग, वर संसार. घर इतकं जवळ असलेल्या माणसाला रजा मागायला तोंड नसतं.

वैजयंतीची मागणी तशी फार नव्हती. सोलापुरात महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा भरली होती आणि त्यात ज्ञानदा खेळणार होती. ही ज्ञानदा म्हणजे शाळेपासून कॉलेजपर्यंत वैजयंतीची डबल्सची जोडीदार. पुढे ज्ञानदाच्या घरी पुण्याच्या ॲकॅडमीचं नाव निघालं, वैजयंतीच्या घरी बी.कॉम.चं. आता ज्ञानदा देशोदेशी हिंडत होती आणि वैजयंतीला आठ महिन्यांचा गुरु होता. मुलगा गोड होता, नवरा भला होता, तक्रार करावी असं काही नव्हतं. पण भाकरी उलटताना तिचं मनगट अजून बॅकहँडसारखं फिरायचं आणि भाकरी अधूनमधून ओट्यावर जाऊन पडायची. तिला टेनिस हवं होतं. या वयात, या घरात हे कुणाला सांगायची सोय नव्हती, पण हवं होतं. निदान एक मॅच तरी पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत डोळे भरून बघायची, एवढं तिने ठरवलं होतं. गुरु झाल्यापासून तिचा साधा चहासुद्धा शेवटपर्यंत गेला नव्हता.

“मी येते की संगं,” सासूबाई म्हणाल्या. यशोदाबाई नातवाला बघायला मंद्रूपहून आल्या होत्या. “पोरगं मी धरते. तू बग तुजी मैत्रीन निवांत.”

“आत्या, दोन-तीन तास बसावं लागेल.”

“मला काय, हितं बी बसायचंच हाय.”

स्टेडियमवर सगळं छान सुरू झालं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. रिक्षातच झोपलेला गुरु आजीच्या मांडीवर गाढ होता. कोर्टवर ज्ञानदाचा आणि तिच्यासमोर खेळणाऱ्या मुलीचा सराव चालू होता, चेंडू ठकठक वाजत होते. ज्ञानदा ओळखू न येण्याइतकी सडसडीत झाली होती, पण सर्व्हिस करण्याआधी वेणी मागे टाकायची सवय तीच होती. मग उंच खुर्चीवरच्या अंपायरबाई म्हणाल्या, “क्वाएट, प्लीज.”

सगळे गप्प झाले. गुरुने डोळे उघडले आणि असा काही टाहो फोडला की ज्ञानदाने वर उडवलेला चेंडू तसाच झेलून घेतला. वैजयंतीने त्याला पाजलं, टोपरं काढलं, टोपरं घातलं. अंपायरबाई पुन्हा “क्वाएट, प्लीज” म्हणाल्या. लोक आणखी गप्प झाले, तसा गुरु आणखी जोरात रडला. वैजयंतीने सासूकडे पाहिलं. यशोदाबाईंचं लक्ष कोर्टवर होतं.

“तूच जा याला घिऊन,” त्या मान न वळवता म्हणाल्या. “हिचं काय हुतंय ते बगते मी.”

वैजयंती गेटबाहेर आली. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, टेम्पो गचके खात चालले होते. गुरु लगेच झोपला. ती परत वळली तर गेटवरच्या स्वयंसेविकेने आडवा हात धरला.

“मॅडम, खेळ चालू असताना आत सोडत नाही. प्लेयर साइड बदलायला थांबतील तेव्हाच जायचं.”

प्लेयर थांबल्या तेव्हा वैजयंती आत गेली. ज्ञानदा खुर्चीत बसून पाणी पीत होती. ती उठली, सर्व्हिसला उभी राहिली, लोक चिडीचूप झाले आणि गुरु रडला. वैजयंती बाहेर. रिक्षा, टेम्पो, झोप. पुन्हा आत, पुन्हा पाणी, पुन्हा बाहेर. पहिला सेट संपेपर्यंत वैजयंतीने ज्ञानदाला पाणी पिताना पाहिलं, केळं खाताना पाहिलं, टॉवेलने तोंड पुसताना पाहिलं. खेळताना मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

यशोदाबाईंचं मात्र झकास चाललं होतं. पहिल्यांदा सुनेच्या कानाशी त्यांनी विचारलं होतं, “एवडी मानसं गप कशी बसल्यात? कोन गेलंय का?” दुसऱ्यांदा, “टॉवेल आपल्या सोलापूरचाच दिसतोय.” आणि आता तिसऱ्यांदा सून आत आली तेव्हा त्यांनी तिला बसायला जागाही न देता बातमी दिली.

“तुजी मैत्रीन लई सोसती बग. ती दुसरी मुद्दाम कोपऱ्याकोपऱ्यात टाकती. पळवून पळवून जीव काढला पोरीचा.”

“आत्या, बॅकहँड कसा मारतीय?”

“ते काय असतंय ते मला ठाव न्हाय. पर उलट्या हातानं मारती तवा लई भारी दिसती.”

वैजयंती पुन्हा बाहेर गेली. भिंतीपलीकडून ठक… ठक… ठक ऐकू येई, मग टाळ्या. टाळ्या मोठ्या असल्या की पॉइंट ज्ञानदाचा, असं ती धरून चालायची. तो उलट्या हाताचा फटका आपण दोघींनी एकाच भिंतीवर घोटला होता, आणि आज आपल्या वाट्याला पुन्हा भिंतच आली, असं मनात येऊन ती रडायच्या बेताला आली.

तेवढ्यात सिग्नल पडला असावा. रस्ता जरा मोकळा झाला, आवाज थांबले आणि गुरु चुळबुळला. मागून एक डंपर धडधडत आला, तसा तो पुन्हा शांत झाला. वैजयंती बघतच राहिली. घरी लाइट गेली, खालचे माग थांबले, की हा असाच दचकून उठायचा! मागांच्या खडखडाटात जन्मल्यापासून झोपलेलं पोर ते. त्याला आवाजाने नव्हे, शांततेने जाग येत होती. आणि त्याची आई त्याला टेनिस बघायला घेऊन आली होती.

तिने आदिनाथला फोन लावला.

“अहो, फोन मागापाशी ठेवा.”

“कुठल्या?”

“कुठल्याही. चालू असलेल्या.”

“वैजू, ऊन लागलं का तुला?”

“ठेवा म्हणते ना. आणि कट करू नका.”

आदिनाथने ठेवला. वैजयंतीने आवाज बारीक करून फोन गुरुच्या टोपऱ्यात कानाशी खोचला. खडखड, खडखड. गुरुने तोंडात अंगठा घातला. प्लेयर थांबल्या, ती आत गेली, लोक गप्प झाले, आणि गुरु झोपूनच राहिला.

आता तिसरा सेट होता. वैजयंतीने अखेर ज्ञानदाला खेळताना पाहिलं. ज्ञानदा धावत होती, घसरत होती, तोल सावरत होती. तिचा प्रत्येक फटका वैजयंतीच्या हाताला आधी कळायचा. बाळाला धरलेला डावा हात स्थिर होता, पण उजवं मनगट ओढणीखाली आपलंआपण फिरत होतं. ते यशोदाबाईंनी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

मॅच शेवटाला आली. ज्ञानदा मागे पडली होती. हा पॉइंट गेला की संपलं. पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरीसाठी तिने वेणी मागे टाकली, चेंडू वर उडवला, आणि नेमकी त्याच वेळी एमआयडीसीतली लाइट गेली.

फोन मुका झाला. गुरुने जो सूर लावला त्याने झाडावरचे कावळे उडाले. ज्ञानदाचा चेंडू सरळ जाळीत गेला. मॅच संपली आणि सगळं स्टेडियम वैजयंतीकडे वळून बघायला लागलं.

“चला आत्या,” ती मान खाली घालून म्हणाली. “तिला तोंड दाखवायला नको.”

“पोरगी हरली म्हनून न भेटता जायचं व्हय?” यशोदाबाई जागच्या हलल्या नाहीत.

ज्ञानदा खांद्याला बॅग लावून थेट त्यांच्याकडेच आली. गुरु अजून रडतच होता.

“हा का तो?” तिने विचारलं.

“ज्ञानदा, सॉरी गं. माझ्यामुळे…”

“गप गं. तो रडला नसता तरी ती जाळीतच गेली असती. महिनाभर तेच चाललंय माझं.” तिने वैजयंतीला नीट निरखलं. “तुझा बॅकहँड काय म्हणतो?”

“नाही गं आता,” वैजयंती गुरुचं टोपरं सारखं करत म्हणाली. ज्ञानदाने बॅगेतून रॅकेट काढून तिच्या हातात दिली. “मागचं सरावाचं कोर्ट रिकामंय. चल.”

वैजयंतीने सासूकडे पाहिलं.

“माज्याकडं काय बगतीस? जा की,” यशोदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी गुरुला काढून घेतलं.

चपला कडेला ठेवून वैजयंती अनवाणी उभी राहिली. पहिला चेंडू कुंपणावर गेला, दुसरा जाळीत. मग एक परत गेला, मग आणखी एक. ठक… ठक… ठक. गुरु हुंदके देत थांबला. वैजयंतीचा चेंडू बाहेर गेला की तो सूर लावायचा.

“थांबू नगा गं,” बाकावरून यशोदाबाई ओरडल्या. “थांबलं की उठतंय हे.”

मग चुकायची सोयच राहिली नाही. वैजयंती धावायला लागली. ओढणी कमरेला बांधली गेली, केस सुटले, तळवे भाजल्यासारखे झाले. कोपऱ्यात आलेला चेंडू तिने उलट्या हाताने असा परतवला की ज्ञानदा नुसती बघत उभी राहिली. इतकी वर्षं काय हवं होतं ते तिच्या हातात होतं, आणि ते कधी संपू नये असं तिला वाटत होतं.

शेवटी ज्ञानदाच गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

“काकू, जरा थांबू का? आत्ताच तीन सेट खेळलेय मी.”

चेंडू थांबले. कोर्टवर पान हललं तरी कळेल इतकी शांतता झाली. वैजयंती रॅकेट घट्ट धरून बाकाकडे बघत राहिली. यशोदाबाईंनी मांडीवर पाहिलं. गुरु तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. त्याच्या कानाशी आता ढोल वाजवला काय अन् नाही काय, सारखंच होतं. त्यांनी हळूच पदर त्याच्या तोंडावर ओढला.

“उठायलंय बगा,” त्या म्हणाल्या. “मारा लौकर.”