दहाच्या ठोक्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. पृथ्वीवर राज्ये बहुत जाहली, परंतु गर्दीचा समूळ नाश करणारे राज्य आमचे एकच. आणि तो नाश आरंभी रोज सकाळी दहापर्यंत टिके.

त्याचा मजकूर ऐसा जे, वाहतूक कारभारी निळोपंत केळुसकर यांनी अक्कल चालविली आणि हुकूम काढविला की, सात ते दहा ऐन घाईची वेळ, त्या वेळी जो आगगाडीच्या फाटकावर कार्ड लावील त्यास भाडे दीडपट, दहानंतर साधे. गाडी केव्हा सुटते हे पाहणे नाही, कार्ड केव्हा वाजले इतुकेच पाहणे. मग सकाळच्या गाड्या ओस पडिल्या आणि महाराज बहुत संतोषोन म्हणाले, "पंतांनी गर्दी मोडिली. साडेदहास भरदरबारी मानाचा शेला देणे."

मग पंत नवी पगडी घालोन, पत्नी उमाबाईंसह, नऊ छपन्नास फाटकावर पोहोचले आणि कार्ड लावणार तो बाईंनी हात धरिला.

"अहो, चार मिनिटांसाठी दीडपट?"

"अगं, दरबार चुकेल! मानाचा प्रश्न आहे."

"मान दहानंतरही मिळतो. स्वस्तात."

तेथे तीनशे माणूस रोजच्या रिवाजाप्रमाणे कार्ड उपसोन, घड्याळावर नजर लावोन उभे होते. त्यांतील एक फुलवाली बोलिली, "या कारभारी, तुमच्याच कायद्यानं उभे आहोत." हे ऐकोन पंतांस अभिमान दाटला आणि ते सर्वांपुढे उभे राहिले. मग दहाचा ठोका पडिला आणि तीनशे असामी एकदम चालोन आली. "अहो, पगडी!" इतुकेच बाई बोलिल्या.

पंत दरबारी पोहोचले ते पावणेअकरास, उघड्या डोक्याने. महाराजांनी पुसिले, "पंत, पगडी कोठे?"

"गर्दीत गेली, महाराज."

"गर्दी तर तुम्ही मोडिलीत ना?"

"ती सकाळची, महाराज. ही दहाची."

महाराजांनी शेला दिला आणि हुकूमही दिला की, घाईची वेळ अकरापर्यंत. मग रयत अकरास उभी राहिली, आणि मग बारास.

येणेप्रमाणे गर्दीचा सात वेळा पराभव जाहला आणि घाईची वेळ दुपारी चारपर्यंत पोहोचली. ऐसी कीर्ती दुसऱ्या राज्यास नाही. पंत आजही शेला खांद्यावर घेवोन, बाईंसह, फाटकापाशी अभिमानाने उभे असतात. सरकारचरणी विनंती इतुकीच की, तेथे एक बाकडे ठेवावे.