नॉर्मन टिबेट्सच्या इंजिनाचे पुनरुज्जीवन

जुनी मोटार घरी दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्या मोटारीतून कुठेही जायचे नसते, हे सत्य सुरुवातीलाच नमूद केलेले बरे. कुठे जायचे असते तर त्याने चालणारी मोटार घेतली असती. आमच्या गावच्या जुनी मोटार मंडळात (मी तेवीस वर्षे सचिव आहे, दुसरे कोणी उभेच राहत नाही) एकेचाळीस मोटारी आहेत. त्यांपैकी तीन चालतात. त्या तिन्हींच्या मालकांकडे आम्ही जरा दयेनेच पाहतो. बिचारे सभेला येतात, कोपऱ्यात बिअर घेऊन बसतात, आणि त्यांच्यापाशी बोलायला विषय नसतो.

मंडळाचे भूषण म्हणजे माझा शेजारी नॉर्मन टिबेट्स. भूमापन खात्यातून निवृत्त झाला त्याच आठवड्यात त्याने श्रॉपशरमधल्या एका कोंबड्यांच्या खुराड्यातून १९५७ सालची हार्टवेल मिनिस्टर आणली. (कोंबड्यांनी ताबा सोडायला तीन दिवस घेतले.) लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी त्याने बॉनेटवर हात ठेवून बायकोला, ग्लेनिसला, वचन दिले, "पुढच्या उन्हाळ्यात हिच्यातून बारमथला. समुद्र, चिप्स, सगळं."

ग्लेनिसने गाडीभोवती एक फेरी मारली. "चाकं कुठायत?"

"डिकीत आहेत ना," नॉर्मन म्हणाला.

मंडळाच्या नोंदींनुसार 'पुढचा उन्हाळा' सरासरी साडेअकरा वर्षे चालतो. नॉर्मनचा चौदा चालला.

इंजिन उघडण्याची एक शास्त्रशुद्ध पद्धत आहे. प्रत्येक सुटा भाग पुसायचा, मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत घालायचा, वर चिठ्ठी लावायची. नॉर्मनकडे दोनशे बारा बरण्या झाल्या. (त्या रिकाम्या करण्याचे काम ग्लेनिसकडे होते.) पहिल्या चाळीस चिठ्ठ्या आदर्श होत्या : 'तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह'. शंभराच्या पुढे 'क्लच, बहुधा'. एकशेऐंशीनंतर नुसते प्रश्नचिन्ह. क्रँकशाफ्ट आडवा ठेवला तर वाकतो असे जाणकार सांगतात, म्हणून तो पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात हिवाळी कोटांच्या मधोमध नऊ वर्षे उभा होता. पिस्टन गरम केल्याशिवाय त्यांत पिन बसत नाही, म्हणून रविवारी बीफ वरच्या कप्प्यात आणि पिस्टन खालच्या कप्प्यात भाजले जात. त्या काळातली ग्रेव्ही मी खाल्ली आहे. दात शिवशिवायचे, पण गुडघे दुखायचे थांबले.

या चौदा वर्षांत ग्लेनिस बसने बारमथला केव्हाही जाऊ शकली असती. माझ्या बायकोने तिला तसे सुचवलेही. "एकटीनंच जायचं होतं तर नवरा कशाला केला?" ती म्हणाली, आणि दर जूनमध्ये पोहण्याचा पोशाख धुऊन दोरीवर टाकत राहिली. आमच्या मंडळात अशा निष्ठेची दखल घेण्याची तरतूद नाही.

अखेर मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी इंजिन पहिल्यांदा चालू करायचे ठरले. आम्ही सहा सभासद घडीच्या खुर्च्या घेऊन हजर झालो. नॉर्मनने स्टार्टर दाबला. इंजिन खोकले, पुन्हा खोकले, आणि कार्ब्युरेटरमधून आगीची जीभ बाहेर येऊन नॉर्मनची डावी भुवई घेऊन गेली. मग दोन तास चर्चा झाली. दोघांचे मत पेट्रोल, तिघांचे मत ठिणगी. ह्यू वर्दिंग्टनचे मत हवामान.

चर्चेच्या रंगात ग्लेनिस चहाचा ट्रे घेऊन निघाली आणि बोळात आडव्या पडलेल्या जुन्या सायलेन्सरला अडखळून पडली. सहापैकी चार कप फुटले. (खुबाही मोडला.)

वीस मिनिटांत रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या तरुणाने ग्लेनिसला हलक्या हाताने स्ट्रेचरवर घेतले, पांघरूण घातले, "फार दुखतंय का हो?" असे विचारले, आणि उत्तर यायच्या आत त्याची नजर गॅरेजकडे गेली.

"अरेच्चा, मिनिस्टर! आमच्या आजोबांकडे होती. टायमिंग बघितलंत का?"

त्यानंतर बॉनेटखाली आठ डोकी होती आणि अंगणात उन्हात एक स्ट्रेचर.

"नॉर्मन," स्ट्रेचरवरून आवाज आला.

"आलोच गं, एक मिनिट."

"डिस्ट्रिब्युटर उलटा बसवलायस तू."

आठही डोकी वर आली. "काय?"

"भलत्या वेळी ठिणगी पडतेय, म्हणून ती तोंडातून आग ओकतेय. उचल, अर्धा फेरा फिरव, परत बसव. चौदा वर्षं जेवताना दुसरं ऐकलंय काय मी?"

"बाईंचं बरोबर आहे," रुग्णवाहिकेवाला आदराने म्हणाला.

नॉर्मन स्ट्रेचरपाशी गेला. त्याचा एक हात तिच्या हातात होता, दुसऱ्यात पाना. चेहऱ्यावर खरोखरची घालमेल होती. मी मित्र म्हणून साक्ष देतो. मग तो म्हणाला, "तू हो पुढं. मी आलोच पाठोपाठ."

"कशातून?" ग्लेनिसने विचारले.

त्याने गाडीकडे पाहिले. तिने आपला हात काढून घेतला, आणि रुग्णवाहिकेचे दार लागले.

इंजिन सुरू झाले का, हे विचारायला तुमचे तोंड उघडलेले मला दिसते आहे. झाले. पहिल्याच फटक्यात झाले, आणि एकोणीस मिनिटे असे गोड चालले की आम्ही टोप्या काढल्या. विसाव्या मिनिटाला मागून तेल गळू लागले. इंजिन पुन्हा बाहेर काढणे भाग पडले, आणि सकाळपासून प्रथमच नॉर्मन निवांत दिसला.

ग्लेनिसच्या खुब्यात पोलादी सांधा घातला. ऐंशी मिनिटे लागली, एकही भाग शिल्लक उरला नाही. सप्टेंबरात ती बसने बारमथला गेली आणि तिथेच खोली घेऊन राहिली. नॉर्मन रविवारी फोन करतो. ती गॅस्केटबद्दल दोन वाक्ये सांगते आणि फोन ठेवते. मग तो बराच वेळ रिसीव्हर धरून तसाच उभा असतो. (आमच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच आहे.)

मात्र एक खुलासा. ग्लेनिसचे हे सगळे मी आपण होऊन सांगितले. तुम्ही विचारले ते फक्त इंजिनाचे. सचिव या नात्याने मी तुमचे नाव सभासदांच्या यादीत घातले आहे. अर्ज करण्याची आवश्यकता नाही.