बावीस नंबरचा प्रवासी

इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायची, ही रीत सर्वांना मान्य आहे. टॉवेल पडला की जागा त्या माणसाची. तिथं बसायची कुणाची छाती होत नाही. कृष्णामाई परिवहन मंडळानं मात्र स्पर्शमुक्त कार्डाची यंत्रं बसवताना ही रीत विचारात घेतली नव्हती. एक यंत्र दारात, एकेक प्रत्येक सीटपाशी. कार्ड नुसतं जवळ नेलं की टिंग वाजतं आणि प्रवास सुरू होतो. रोख पैसे बंद.

माजी सुभेदार केरबांना त्या दिवशी बाराच्या आत सांगली गाठायचीच होती. नात शिवांजली फौजेत भरती होऊन दुपारच्या रेल्वेनं ट्रेनिंगला निघालेली. आजोबांच्या पाया पडल्याशिवाय डब्यात चढायची नाही, असं तिनं बजावलं होतं. आता कार्ड हरवायला नको, म्हणून म्हाताऱ्यानं ते टॉवेलच्या टोकाला गाठ मारून बांधलं. गाडी आली. सुभेदारांनी नेम धरून टॉवेल फेकला, तो बरोबर बावीस नंबरावर पडला. आणि टिंग वाजलं.

दारात कंडक्टर विश्वजीत आडवा उभा.

"कार्ड?"

"टॉवेलात हाय. त्यो बघ, बाविसावर."

विश्वजीतनं हातातलं मशीन पाहिलं. "बाविसावर केरबा बसल्यात."

"आरं गड्या, केरबा मीच!"

"आसाल. पर एका माणसाला एका गाडीत दोनदा चढता येत न्हाई."

"मग टॉवेल दे की हिकडं!"

"आवं आजोबा, प्रवास सुरू झालेल्याला हात लावायचा न्हाई. योजना स्पर्शमुक्त हाय. माझी नोकरी जाईल."

केरबा खिडकीखाली धावले. "कुणीतरी टॉवेल टाका रं भाईर!" गाडी निघून गेली.

चौकशीच्या खिडकीत त्यांचा नंबर लागायला अर्धा तास गेला. आतल्या बाईंनी संगणकात पाहून सांगितलं, "तुम्ही आष्ट्याला पोचलात."

"म्या तुमच्या म्होरं उभा हाय की, बाई!"

"इथं तसं दिसत नाही. आणि प्रवासात असलेल्या माणसाला दुसरं कार्ड देता येत नाही. सांगलीत उतरा, मग या."

सुभेदार थकले. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "बरं, कसा हाय मी?"

"मजेत आहात. खिडकी मिळालीय."

सांगलीत प्रवास अधिकृतपणे संपला, तेव्हा विश्वजीतनं टॉवेल उचलून, 'केरबा आजोबा कुठं?' विचारत गाडीपाशी आलेल्या शिवांजलीच्या हातात दिला. "तुमचं आजोबा. टायमात पोचवलं." पोरीनं रिकाम्या दाराकडं पाहिलं, घड्याळ पाहिलं. मग टॉवेल बाकड्यावर ठेवून ती टॉवेलाच्याच पाया पडली आणि डोळे पुसत स्टेशनकडं पळाली. इस्लामपुरात केरबांचा मोबाईल वाजला: 'आपला प्रवास सुखाचा झाला. कृपया पाच तारे द्यावेत.' फौजेत कधी न रडलेला माणूस फलाटावर ढसाढसा रडला.

पुढं रीतसर चौकशी झाली. त्या गाडीत एकोणीस माणसं सांगलीपर्यंत उभी होती. बावीस नंबर मोकळा दिसत असून कुणी बसलं का नाही, या प्रश्नाला सर्वांचा एकच जबाब आला: "टॉवेल होता."

हसताय काय? त्या एकोणिसांत तुम्हीही होता. केरबांची हाक तुम्ही ऐकलीत. हात लांबवला असता, तर टॉवेल बाहेर पडला असता. पण आष्ट्याला उतरणाऱ्याच्या जागेवर तुमचा डोळा होता, आणि हातात तुमचाच रुमाल होता.