सुरू व्हायाचं टाटा

ढोकणे सर अमरावतीच्या आमच्या कॉलेजात नवीन आले, त्या पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर 'टाटा' असं लिहिलं आणि अख्खा वर्ग दप्तरं उचलून चालता झाला. सर खडू नाचवत मागे धावले, "अबे, बसा! हे जायाचं टाटा नाई, हे सुरू व्हायाचं टाटा हाय!"

त्याला वीस वर्षं झाली. मी गणिताचा, ते जीवशास्त्राचे. स्टाफरूममध्ये खुर्चीला खुर्ची. सरांनी लग्न केलं नाही. जीव लावला तो जनुकाच्या तोंडाशी असलेल्या चार-सहा अक्षरांना.

"हे पाहा भाऊ, जनुक म्हंजे मजकूर. पण वाचाले सुरुवात कुटून कराची? त्याच्या जरा अलीकडं टी-ए-टी-ए असं लिहिलं असते. एक प्रथिन तिथं येऊन बसते, डीएनएले वाकवते. मंग बाकीचे गोळा होतात, वाचणारं यंत्र येते, अन् तीसेक अक्षरं पुढं नक्कल सुरू!"

"सगळ्याच जनुकांना असतं का हो हे टाटा?" मी एकदा चुकून विचारलं.

"नाई ना! लय जनुकाइले नसतेच. त्याइच्या खुणा वायल्या!"

त्या वायल्या खुणा मी पुढचा महिनाभर चहासोबत ऐकल्या.

गेल्या वर्षी माझी चार वर्षांची नात चैताली पांढरीफटक दिसू लागली. ती अकोल्याला माझ्या मुलीकडे असते. डॉक्टरांनी थॅलेसेमियाचा संशय सांगून जनुकांची तपासणी करायला लावली. दर महिन्याला रक्त चढवावं लागणारी लेकरं आम्ही पाहिली होती. रिपोर्टचा फोटो पाठवताना मुलगी फोनवर नुसती रडत होती.

मी मोबाइल सरांपुढे धरला. त्यांचा चहा थंड झाला. सर फोटो बोटांनी मोठा करून एकेक ओळ वाचत होते.

"भाऊ, आईकडून आलेलं अन् बापाकडून आलेलं, दोन्ही जनुकांत बिघाड हाय. पण कुटं हाय थे पाहा! टाटातलं एक अक्षर बदललं. आतला मजकूर साबूत हाय. नक्कल कमी निघते, पण निघते! हिमोग्लोबिन कमी बनते, पण बनते! असा आजार बहुतेक सौम्य राह्यते." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण मी काई डॉक्टर नाई. चाला अकोल्याले."

मी बोलावलं नव्हतं, तरी आले. मूर्तिजापूर येईपर्यंत कंडक्टरलाही सगळं तोंडपाठ झालं होतं.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. आजार सौम्य आहे, सध्या रक्त चढवायची गरज नाही, तपासण्या मात्र वेळच्या वेळी करा. मुलीने तिथेच ओंजळीत तोंड लपवलं. मी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले; काय बोललो ते आठवत नाही.

बाहेर बाकावर सर चैतालीला घेऊन बसले होते. एक नर्स त्यांना म्हणत होती, "सर, आज कसे काय? तुमचे तीन महिने तं झाले नाईत अजून!" मला पाहून तिनेच सांगितलं, सर इथल्या थॅलेसेमियाच्या लेकरांसाठी दर तीन महिन्यांनी अमरावतीहून येऊन रक्त देतात. कित्येक वर्षं.

"सर, कधी बोलला नाहीत?"

"सांगासारखं काय हाय त्यात?" ते खाली पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "माई लहान बहीण अशीच पांढरी पडत गेली. सहा वर्षांची होती. तिले काय झालं, थे आमाले कोणी सांगितलंच नाई."

चैताली त्यांच्या दंडावर डोकं टेकून झोपली होती. हाताला मुंग्या आल्या असणार, पण सर हलत नव्हते. मी तिला उचलायला वाकलो.

"राहू द्या," ते म्हणाले. "तुमी बाप-लेक चहा घेऊन या निवांत. मी बसतो."