बिनप्रार्थनेच्या करंज्या

‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ असं विचारून ‘नको’ ऐकल्यावर खूश होणारा माणूस मी एकच पाहिला आहे. आमच्या शेजारचे साळवेजी.

अधारतालच्या या घरात आम्ही राहायला आलो, तेव्हा माझा गुडघा सुजला होता. साळवेजी फाटकाबाहेर उभे राहिले. आत या म्हटल्याशिवाय ते पायरी चढत नाहीत. म्हणाले, “ताई, मी ख्रिस्ती आहे. गुडघ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? नाही म्हटलं तरी काही नाही.” मी नाही म्हटलं. मी देवाधर्मातली नाही, दिवाही लावत नाही. त्यांचा चेहरा उजळला. “अच्छा. साफ बोलता तुम्ही,” म्हणाले, आणि घरून शेकायची पिशवी आणून दिली.

मी नोकरी केली ती सरकारी खरेदी विभागात. फुकट नमुना आला की मागून काय येणार, ते मला ठाऊक असतं. वरच्या मजल्यावरच्या अवस्थी भाभींचंही तेच मत. त्या म्हणाल्या, “ध्यान रखना, पहले मीठा बोलते हैं, फिर किताब पकड़ाते हैं.” मी किताबेची वाट बघत राहिले. एकदा बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून येताना साळवेजींच्या हातात जड पिशवी दिसली. म्हटलं, आली. पिशवीत पडद्याचं कापड निघालं. तेसुद्धा त्यांच्याच खिडकीचं.

पण संशय असा सहज जात नाही. पहिल्या नाताळला ते दोन डबे घेऊन आले. बायको गेल्यापासून करंज्या ते स्वतःच करतात. म्हणाले, “ताई, आमच्याकडे सगळं प्रार्थना करून बनवतात. हा डबा तसा. अन् हा तुमच्यासाठी, बिनप्रार्थनेचा. तळताना तोंड बंद ठेवलं.” ते गेल्यावर मी दोन्ही डब्यांतली एकेक करंजी फोडून पाहिली. सारण तेच, खसखससुद्धा तेवढीच. बिनप्रार्थनेची जरा जास्त तळली गेली होती, एवढंच.

एकदा मी त्यांना कोंडीत धरलं. म्हटलं, विचारता कशाला? मनात केली तर कोणाला कळणार आहे?

“ज्याला करून राहिलो, त्याला कळेल ना,” साळवेजी म्हणाले. “बघा, देवानं बागेतलं ते फळ खाऊ नका म्हटलं, पण झाडाला कुंपण नाही घातलं. घालता येत नव्हतं काय? माणसाला नाही म्हणायची मोकळीक त्यानं दिली. मग मी काहून कुंपण घालू?”

प्रार्थनेचं त्यांनी अवस्थी भाभींनाही विचारलं होतं. त्यांच्या उत्तरावर मात्र ते नाराज होते. त्या म्हणाल्या होत्या, कर लीजिए, हम तो सबसे करवा रहे हैं. साळवेजींच्या मते ते ‘हो’ नव्हतं, टाळणं होतं. तुमचं ‘नाही’ त्यापेक्षा बरं, असं मला सांगून गेले. मला ही तारीफही संशयास्पदच वाटली.

गेल्या थंडीत एका सकाळी दार वाजलं आणि मी ‘या’ म्हणायच्या आत साळवेजी आत येऊन खुर्चीत बसले. हातात मोबाइल, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. म्हटलं, झालं, आता मुद्द्यावर येणार.

नागपूरला त्यांच्या मुलाचं, प्रकाशचं, हृदयाचं ऑपरेशन अचानक ठरलं होतं. तासाभरात आत नेणार होते. यांच्या हाती तिकीट संध्याकाळच्या गाडीचं.

मी म्हटलं, मग इथे का बसलात? घरी जाऊन प्रार्थना करा. आज माझी परवानगी नको.

“त्याची नाही ना,” ते म्हणाले. प्रकाशनं कधीच चर्च सोडलं होतं. सोडताना बापाला म्हणाला होता, मी मानत नाही. माझ्यासाठी प्रार्थनाही करू नका. साळवेजींनी बरं म्हटलं होतं.

“आणि ते पाळलंत?”

“आजवर पाळलं.” त्यांनी मोबाइल उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. “घरी बसलो तर तोंडातून निघून जाईल, ताई. त्या भिंतींना सवय आहे. तुमच्या घरी कोणी करत नाही, म्हणून आलो. फोन येईपर्यंत बसू द्या.”

अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही. मी मटारची टोपली त्यांच्यापुढे ठेवली आणि सोलायला सांगितलं. स्वयंपाकघरात येऊन हिरव्या मिरच्या वाटल्या, चटणी काढून भांडं धुतलं. बाहेर शेंगांचा आवाज थांबला होता. दारातून पाहिलं. मूठभर दाणे हातात घेऊन साळवेजी मान खाली घालून बसले होते. ओठ हलल्यासारखे वाटले. मग कसलीशी कुजबुज सुरू झाली.

एवढी वर्षं मी त्या माणसावर कान लावून होते. आता दोन पावलं पुढे गेले असते, तर सगळं स्वच्छ ऐकू आलं असतं.

मी मागे फिरले, धुतलेलं भांडं मिक्सरवर बसवलं आणि रिकामंच फिरवत राहिले.