रणगाड्याचा राजीनामा

जर्मनीचे संरक्षणमंत्री एकेहार्ट ब्रोमझेन यांनी राजीनामा दिला, तेव्हा एका रणगाड्यानेही राजीनामा दिला आणि तो त्यांच्या मागोमाग घरी आला.

कारण म्हणाल तर किरकोळ. संचलन चालू असताना ब्रोमझेन यांना जांभई आली, ती टीव्हीवर देशभर दिसली आणि त्यांनी जबाबदारी स्वीकारली. त्या दिवसापासून पक्षातल्या एकाही पठ्ठ्याचा फोन नाही. ज्यांना हाताला धरून वर आणलं, तेच रस्त्यात दिसले की पटकन दुकानात शिरायचे. मेले लबाड! आला तो एकटा रणगाडाच.

फ्लॅटमध्ये तो मावेना. मग ब्रोमझेन यांनी त्याला शहराबाहेरच्या बागवसाहतीत नेलं. तिकडे फ्लॅटमधली माणसं अशा वसाहतीत जमिनीचा तुकडा भाड्याने घेतात, मुळे-कांदे लावतात आणि शेजाऱ्याचं कुंपण किती वाढलं यावर डोळा ठेवतात. रणगाडा तिथे मस्त रमला. दुपारी लोकांच्या झोपेच्या वेळी इंजिन बंद ठेवायचा, तोफेच्या नळीवर घेवड्याचा वेल चढू द्यायचा. ब्रोमझेन संध्याकाळी त्याला टेकून बसायचे आणि भाषण न देता चक्क गप्पा मारायचे.

पण वसाहतीच्या अध्यक्षबाई, फ्राउ त्सीगेनहागन, कसल्या स्वस्थ बसतात!

"साहेब, नियमाप्रमाणे बागेचा तिसरा हिस्सा भाजी हवी. तुमच्याकडे तिसरा हिस्सा रणगाडा आहे."

"त्याच्यावर घेवडा आहे की!"

"घेवडा वर आहे. जमिनीवर रणगाडाच आहे. सभा घ्यावी लागेल."

ब्रोमझेन घाबरले. मंत्रिपद गेलं तेव्हाही एवढे घाबरले नव्हते. एवढा एक सोबती उरलेला, तोही जाणार? मग मात्र जुना पुढारी अंगात संचारला. आठवडाभर ते दारोदार मुळे वाटत फिरले, दिसेल त्या कुंपणाची तोंड फाटेस्तोवर तारीफ केली.

सभेत ठराव आला: रणगाड्याने वसाहत सोडावी. निम्मे हात बाजूने, निम्मे विरोधात.

ब्रोमझेन ताडकन उठले. "रणगाड्याचं मत राहिलं! बागेत राहणाऱ्या प्रत्येकाला मत आहे!"

"आहे खरं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ठरावाच्या बाजूने असेल तर त्याने नळी वर करावी."

ब्रोमझेन गालातल्या गालात हसले. रणगाड्याने सावकाश नळी वर केली.

"अरे गाढवा! खाली घे, खाली!"

"साहेब, माझ्याखाली भाजी उगवत नाही हे खरंच आहे," रणगाडा म्हणाला. "जबाबदारी माझी."

ब्रोमझेन यांना असा राग आला आणि असा अभिमान वाटला, की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नाक पुसून त्यांनी बागेची किल्ली अध्यक्षबाईंच्या हातात ठेवली आणि ते रणगाड्यावर चढू लागले.

"अहो, तुम्हाला कुठे कोणी जायला सांगितलंय?"

"मी गेलो तेव्हा यालाही कोणी सांगितलं नव्हतं," ब्रोमझेन वरून म्हणाले.

फाटकाशी रणगाड्याने डावीकडचा दिवा लावला, एका सायकलवाल्या आजींना आधी जाऊ दिलं आणि दोघे निघाले.