पुराव्याअभावी माया

माया ही अमूर्त गोष्ट असल्यामुळे ती मोजायला समिती नेमावी लागते. बोरीवलीच्या एका गृहसंकुलाने ही गरज वेळीच ओळखली आणि ‘माय आणि धागा’ या वस्त्रकला प्रदर्शनासाठी पाच जणांची समिती नेमली. (पाचही पुरुष. बायकांना त्या वेळी घरी कामं होती.) परीक्षक म्हणून वांद्र्याहून गंधालीबाई नावाच्या तज्ज्ञ आल्या.

नियम सोपे होते. कलाकृती आजारी माणसाच्या किंवा मुलाच्या वापरातल्या कापडाची असावी आणि तिच्यात काळजीच्या खुणा दिसाव्यात. दुधाच्या डागाला दहा गुण, हळदीला पंधरा, काढ्याला वीस. वासाला गुण नव्हते, पण असल्यास हरकत नव्हती.

सी विंगमधल्या मालन परबांनी हे ऐकलं आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःसाठी काहीतरी करायचं ठरवलं. त्यांच्या सासूबाई, सगुणाबाई, सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या विरलेल्या चादरींच्या पट्ट्या फाडून मालनताईंनी दुपारच्या दुपार खपून एक मोठा पडदा विणला. भिंतीवर त्याखाली आपलं नाव लागावं, एवढीच इच्छा. रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत ते नाव कायम नवऱ्याच्या मागून आलेलं. एकदा तरी एकटं दिसावं. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “माका काय इचारतंस? ने. पण माझी चादर म्हणान सांगा नको, लोकांका वाटात मी गेलंय.”

गोची एकच झाली. मालनताईंनी त्या चादरी रोजच्या सवयीने आधी उकळल्या, धुतल्या, नीळ घालून उन्हात वाळवल्या.

गंधालीबाईंनी पडदा भिंगातून पाहिला. “काकू, विणकाम सुंदर आहे. पण यात काळजी दिसत नाही.”

“धुतलंय ना ते.”

“तेच ना,” गंधालीबाई हळहळल्या. सहा वर्षांना शून्य गुण मिळाले आणि पडदा घडी करून परत देण्यात आला.

पहिलं बक्षीस तिसऱ्या मजल्यावरच्या हर्षदला मिळालं. तो खरं तर प्रदर्शनाच्या हॉलचं भाडं विचारायला आला होता. बाळाचं दुपटं खांद्यावर राहिलं होतं. बायको, दिशा, चार दिवस चिपळूणला लग्नाला गेली होती. तेवढे दिवस त्याने एकट्याने बाळ सांभाळलं आणि त्या एकाच दुपट्याने बाळाचं तोंड, ओटा आणि स्वतःचे हात पुसले. दूध, हळद, काढा, शिवाय नियमात नसलेलं आमटीचं वर्तुळ. (उत्स्फूर्त पाच गुण.) धुवायचं राहून गेलं, असं तो बिचारा प्रामाणिकपणे सांगत होता. समितीने तो विनय मानला, दुपटं चौकटीत ताणलं आणि खाली लिहिलं: ‘बाप नावाची आई’.

उद्घाटनाच्या दिवशी दिशा परतली. सगळ्या सोसायटीसमोर आपल्या पोराचं दुपटं तशा अवस्थेत टांगलेलं पाहून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालनताईंचे हात तर सकाळपासून शिवशिवत होते. समिती चहाला गेली तशी दिशा दाराशी पहाऱ्याला उभी राहिली आणि मालनताईंनी दुपटं उतरवून हॉलच्या मोरीत साबणाने खसाखसा धुतलं. चहा संपायच्या आत ते पुन्हा चौकटीत होतं, ओलं आणि पांढरंशुभ्र.

तातडीची सभा भरली. असं का केलंत, असं विचारल्यावर मालनताई म्हणाल्या, “बाळाचं आहे. उद्या लागेल.” हे विषयाला सोडून असल्याचं समितीने एकमताने ठरवलं आणि चौकटीखाली ठळक अक्षरांत नवी पाटी लावली: ‘मूळ कलाकृती नष्ट. नष्ट करणाऱ्या: मालन परब’. (नुकसानीच्या बाबतीत नवऱ्याचं नाव गुंतवण्याचा प्रघात नाही.)

मालनताई मनापासून खूश झाल्या. त्यांनी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि सासूबाईंना दाखवला. सगुणाबाईंनी तो दोनदा पाहिला. “अक्षर बरा आसा,” त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षासाठी समितीला आणखी परीक्षक हवे आहेत. शिक्षणाची अट नाही. आज सकाळी आंघोळीनंतर तुम्ही अंग पुसलंत तो स्वच्छ, कोरडा टॉवेल कोणी धुतला होता, हे आठवत नसेल, तर बिनदिक्कत अर्ज करावा.